सोडतीवरची कारकीर्द

पारगाव नावाची दोन गावे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत आहेत. जुन्नरमधले पारगाव तर्फे आळे आणि आंबेगावमधले पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. दुसऱ्या पारगावात भीमाशंकर सहकारी साखर कारखाना असल्यामुळे आसपासचे लोक त्याला 'पारगाव कारखाना' असेच म्हणतात. या दोन्ही गावांत नगरसेवक नाही, ग्रामपंचायत सदस्य आहेत. नगरसेवक पाहायचा तर एका पारगावकराने जुन्नरला जावे आणि दुसऱ्याने मंचरला, जिथली मोठी ग्रामपंचायत अलीकडेच नगरपंचायत झाली. पण शहरातला नगरसेवक असो की वॉर्डातला सदस्य, दोघांच्या कारकिर्दीचे आपल्या डोक्यातले चित्र एकच असते. आधी सदस्य, मग सरपंच किंवा नगराध्यक्ष, मग पंचायत समिती, मग झेडपी, आणि सगळे जुळून आले तर आमदारकी. या लेखाचे म्हणणे असे, की सामान्य सदस्यासाठी ही चढण आज उरलेली नाही. उरले आहे ते दर पाच वर्षांनी एका चिठ्ठीवर ठरणारे पद. माणसाला ते सहसा एकदाच मिळते. ते पुन्हापुन्हा मिळवण्याची ताकद असते ती घराकडे. घराणेशाही मोडावी म्हणून ज्या फिरत्या आरक्षणाची तजवीज झाली, ते पेलायला सर्वांत सोयीचे नेमके घराण्यालाच जाते, आणि त्या आरक्षणामुळे जी नवी माणसे आत येतात ती काम शिकेपर्यंत बाहेर पडतात.

चढणीचे चित्र हवेतून आलेले नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. या संस्थांतून राज्याचे नेतृत्व घडेल, ही तेव्हाची अपेक्षा उघडपणे बोलली जात होती, आणि ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. वसंतराव नाईक स्वतः पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. सुधाकरराव नाईक यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून आले. शहरांकडे पाहिले तर मनोहर जोशी आणि छगन भुजबळ मुंबईच्या महापालिकेतून, देवेंद्र फडणवीस नागपूरच्या आणि एकनाथ शिंदे ठाण्याच्या महापालिकेतून वर आले. ही यादी कोणालाही पटेल अशी आहे, आणि तिच्यातच खोट आहे. ती वरून खाली मोजलेली आहे. खालून वर मोजा. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, प्रत्येकीत ७ ते १७ सदस्य. म्हणजे दोन लाखांहून अधिक माणसे एका वेळी सदस्य असतात, आणि विधानसभेच्या जागा २८८. सगळे आमदार याच वाटेने आले असे धरले तरी सातशे सदस्यांमागे एक. यशस्वी माणसे सांगतात त्यावरून वाटेची रुंदी कळत नाही. शिवाय यादीतली बरीच नावे १९९३ पूर्वीच वर चढून गेलेली आहेत, आणि त्या वर्षानंतर वाटच बदलली.

१९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवणे बंधनकारक झाले. इतर मागासवर्गीयांसाठी राज्याने २७ टक्क्यांपर्यंत आरक्षण दिले, आणि २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. हे आरक्षण विधानसभेसारखे एका मतदारसंघाला वर्षानुवर्षे चिकटून राहत नाही. ते फिरते. तालुक्यातल्या सरपंचपदांपैकी किती कोणत्या प्रवर्गाला जाणार हे आकडे ठरतात, आणि मग तहसील कार्यालयात किंवा एखाद्या मंगल कार्यालयात आरक्षण सोडत निघते. टेबलावर काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी, आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, आणि त्या काढायला शाळेतला एखादा मुलगा किंवा मुलगी. समोर खुर्च्यांवर आणि भिंतीलगत गावोगावचे इच्छुक मागच्या सोडतींच्या याद्या घेऊन बसलेले. गाव मागच्या वेळी 'ओबीसी महिला' होते, त्याआधी 'सर्वसाधारण' होते, म्हणजे आता काय निघेल, याचा हिशेब सगळे आधीच करून आलेले असतात आणि तरीही बरणीकडे बघत राहतात. गावातल्या वॉर्डांची सोडत याच धर्तीवर विशेष ग्रामसभेत निघते. चिठ्ठी वाचली गेली की काही माणसे लगेच उठून बाहेर जातात आणि फोन लावतात. त्यांची पाच वर्षांची तयारी त्या क्षणी एक तर कामी आलेली असते किंवा बाद झालेली असते.

आता साधे अंकगणित. जातिनिहाय आरक्षण जास्तीत जास्त निम्म्या जागांपर्यंत जाऊ शकते, आणि उरलेल्यांतल्या निम्म्या पुन्हा महिलांच्या. म्हणजे कोणतीही अट नसलेल्या जागा एकूण जागांच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतक्याच राहतात. खुल्या जागेवर निवडून आलेल्या पुरुषाच्या वॉर्डाची चिठ्ठी पुढच्या वेळीही खुलीच निघण्याची शक्यता निम्म्याहूनही बरीच कमी. अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या सदस्याची गत आणखी अवघड, कारण त्याच्या वाट्याच्या जागा थोड्या आणि त्या एका जागी थांबत नाहीत. यावर कोणी म्हणेल, वॉर्ड बदलता येतो की. गावाच्या यादीत नाव असले की गावातल्या कोणत्याही वॉर्डातून उभे राहता येते, झेडपीलाही दुसऱ्या गटातून लढता येते. कायद्याने येते, हे खरे. पण पाच वर्षे एका आळीची गटारे आणि दिवाबत्ती पाहिलेल्या सदस्याने दुसऱ्या आळीत जाऊन मत मागायचे, तर तिथे त्याच्या कामाची साक्ष द्यायला कोणी नसते. झेडपीच्या शेजारच्या गटात तर तो थेट 'बाहेरचा उमेदवार' ठरतो. केलेल्या कामावर पुन्हा मत मिळवणे हा लोकप्रतिनिधीचा साधा व्यवहार आहे, आणि नेमका तोच इथे तुटतो. आपल्याला पुन्हा याच लोकांसमोर उभे राहायचे नाही, हे ज्याला पहिल्या दिवशीच ठाऊक आहे, त्याने लोकांना का घाबरावे?

सरपंचपदाचे नियम तर सरकारागणिक बदलले. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले, २०२० मध्ये ते रद्द होऊन सदस्यांतून निवडायचे ठरले, २०२२ मध्ये पुन्हा थेट. नगराध्यक्षांच्या बाबतीतही हेच मागेपुढे झाले. मधल्या काळात, जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत, सरपंचपदाची सोडत मतदान झाल्यानंतर काढली गेली. हेतू असा, की आरक्षण बघून खोटे दाखले आणि लिलाव होऊ नयेत. परिणाम असा, की काही गावांत पूर्ण बहुमत मिळवलेल्या पॅनलकडे निघालेल्या प्रवर्गाचा एकही सदस्य नव्हता, आणि हरलेल्या पॅनलचा एकुलता एक सदस्य सरपंच झाला. हरलेल्यांच्या अंगावर गुलाल पडण्याचे हे प्रसंग विनोदी वाटतात, पण बहुमतालाच सरपंच ठरवता येत नसेल, तर पाच वर्षे माणसे जोडत बसायचे कशासाठी, असा प्रश्न त्यातून उरतो.

अशा खेळात टिकतो कोण? ज्याच्याकडे प्रत्येक चिठ्ठीला घालायला उमेदवार आहे तो. जागा खुली निघाली तर स्वतः, महिला निघाली तर पत्नी किंवा सून, ओबीसी निघाली तर घरातल्या ज्याच्याकडे कुणबी दाखला आहे तो, आणि अनुसूचित जातीची निघाली तर वर्षानुवर्षे आपल्या शब्दात असलेला 'आपला माणूस'. एकट्या माणसाला हे शक्य नाही. घराला शक्य आहे, तेही भावकी मोठी, जमीन बागायती आणि तालुक्यात ऊठबस असलेल्या घराला. 'सरपंचपती' हा प्रकार आपण टिंगलीचा विषय करून ठेवला आहे, पण तो विनोद नाही, ती व्यवस्थेने दिलेली सोय आहे. घर पद सोडत नाही, फक्त सहीचा हात बदलते. आणि ज्या घराकडे असा संच नाही, समजा शेतमजुरीवर चालणाऱ्या घरातली एखादी बाई अनुसूचित जातीच्या महिला राखीव जागेवरून आली, तिच्यामागे पुढच्या चिठ्ठीसाठी कोणी तयार नसते. तिची कारकीर्द म्हणजे पाच वर्षे. आरक्षणाचा लाभ जिला व्हायला हवा होता तिला एक मुदत मिळते. ज्या घराला आवर घालायचा होता त्याला दर मुदतीला नवी संधी मिळते.

पारगाव कारखान्याच्या शेजारी उभे राहून पाहिले तर याच गावात दुसरी एक कारकीर्द दिसते, जिला चिठ्ठीची भीती नाही. सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर जास्तीत जास्त २१ संचालक असतात. त्यांतही महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटक्या जमातींसाठी राखीव जागा आहेत. पण त्या ठरलेल्या आणि थोड्या. बाकीच्या गटनिहाय जागा दर वेळी फिरत नाहीत. एखादा संचालक मंडळावर अनेक मुदती राहू शकतो, आणि राहतोही. त्याच्या हातात काय असते? उसाची नोंद कधी झाली आणि त्यानुसार तोड कधी मिळणार, हा सभासदाच्या वर्षाचा मुख्य प्रश्न. टोळी आठ दिवस उशिरा आली तर ऊस वाळतो, वजन घटते, पुढचे पीक लांबते. शेतकी खात्यात ऊस नोंदीचे काम पाहणाऱ्या चिटबॉयपर्यंत ज्याचा शब्द पोहोचतो, त्याची किंमत ग्रामपंचायतीत मुरमाचा रस्ता मंजूर करणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून या दोन्ही तालुक्यांत आमदारकीला आव्हान देणारी माणसे ग्रामपंचायतीपेक्षा सहकारातून आलेली दिसतात. आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील १९९० पासून निवडून येत आहेत. २०२४ च्या विधानसभेला त्यांना जवळजवळ पाडलेच होते ते देवदत्त निकम याच भीमाशंकर कारखान्याचे माजी अध्यक्ष, आणि फरक होता सुमारे दीड हजार मतांचा. जुन्नरमध्ये त्याच निवडणुकीत विघ्नहर कारखान्याचे अध्यक्ष सत्यशील शेरकर उमेदवार होते, आणि जिंकले अपक्ष शरद सोनवणे. याउलट जुन्नरच्या आशाताई बुचके अनेकदा जिल्हा परिषदेवर निवडून आल्या, विधानसभेलाही एकाहून अधिक वेळा उभ्या राहिल्या, पण आमदारकी हाती लागली नाही. आणि २०१९ मध्ये शिरूरची खासदारकी मिळवणारे नारायणगावचे अमोल कोल्हे आले ते थेट दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. स्थानिक स्वराज्य संस्थेची पायरी या उदाहरणांत निर्णायक कुठेच दिसत नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप यायला हवा. फिरते आरक्षण नसते तर महिला, दलित, आदिवासी या सभागृहांत आलेच नसते, आणि तुम्ही त्याच्याबद्दल तक्रार करता? आरक्षणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ते दर पाच वर्षांनी हलवण्याबद्दल आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे दाखवणारा पुरावा मुंबईतच आहे. राजकारणाचे अभ्यासक रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. १९९७ मध्ये जे प्रभाग सोडतीने महिलांसाठी राखीव झाले आणि २००२ मध्ये पुन्हा खुले झाले, तिथे महिला निवडून येण्याची शक्यता १९९७ मध्ये राखीव नसलेल्या प्रभागांपेक्षा सुमारे पाचपट होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास फिरत्या आरक्षणाच्या बाजूने नेहमी दिला जातो, आणि ते रास्त आहे. एकदा बाई निवडून आली की पक्षांना आणि मतदारांना बाईची सवय होते, तिलाही आपण निवडून येऊ शकतो हे कळते. पण पाचपट हा आकडा मोठा दिसतो तो मूळ शक्यता अगदीच नगण्य असल्यामुळे. पाचपट होऊनही खुल्या प्रभागात निवडून आलेल्या महिला थोड्याच राहिल्या. म्हणजे एका मुदतीने दार किलकिले होते, उघडत नाही. आणि हे महानगरात, जिथे पक्षाचे तिकीट, वर्तमानपत्रे आणि भावकीबाहेरचा मतदार आहे. खेड्यात काय होते त्याचा नमुना सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच महिलेला, ती सरकारी जागेवरच्या घरात राहते असा आरोप करून, अपात्र ठरवले गेले होते. न्यायालयाने तिला पद परत दिले आणि बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांच्या पचनी पडत नाही, अशा अर्थाचे खडे बोलही सुनावले. न्याय मिळाला खरा. पण पाच वर्षांच्या मुदतीतला किती काळ तारखांमध्ये जातो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारावे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. एकाच माणसाला फार काळ पद दिले की तो गावाचा मालक होतो, सहकारात नाही का झाले? झाले. लांब कारकीर्द म्हणजे चांगला कारभार, असे समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल. हिवरे बाजारचे पोपटराव पवार १९८९ पासून गावाच्या कारभारात आहेत. सरपंचपद राखीव झाले तेव्हा उपसरपंच म्हणून राहिले, पण काम सुटले नाही. पाणलोट, चराईबंदी, कूपनलिकांवरची बंदी यांचे फळ दिसायला एक मुदत पुरली नसती. पाटोद्याचे भास्करराव पेरे पाटील यांचेही तसेच, वर्षानुवर्षांचे काम. पण ही दोन नावे आपल्याला आठवतात कारण ती यशस्वी झाली. तितकीच वर्षे एकाच घरात सरपंचकी राहिलेली आणि पिण्याच्या पाण्याचा टँकर न चुकलेली गावे कोणी पाहायला जात नाही. म्हणून या उदाहरणांवरून एवढेच म्हणता येते, की दीर्घ मुदत चांगल्या कारभाराची हमी देत नाही, पण काही कामे तिच्याशिवाय होतच नाहीत. झाडी वाढायला आणि भूजल वर यायला जितकी वर्षे लागतात, तितकी निवडणुकीचे वेळापत्रक देत नाही.

आणि शिकायचे काही थोडे नसते. बाहेरून ग्रामपंचायतीचे काम म्हणजे गटार, रस्ता, नळ. आतून ते कागदांचे रान आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ मधल्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणीपुरवठा आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि ४० टक्के अबंधित. गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. ग्रामविकास आराखड्यात काम नाही तर त्याला पैसे नाहीत, आणि आराखडा पोर्टलवर चढला नाही तर तो केलाच नाही असे समजायचे. पैसे सुटतात ते सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने, आणि तिचे पेनड्राइव्हसारखे टोकन कोणाच्या खिशात असते हा गावातल्या सत्तेचा खरा पत्ता. मासिक सभेत कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते, ही एवढीशी गोष्ट ज्याला माहीत आहे तो ज्याला माहीत नाही त्याच्यावर वर्षभर राज्य करतो. ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध नोंदवायचा तर प्रोसिडिंगमध्ये कोणत्या शब्दांत, हे नव्या सदस्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळू लागते. चौथ्या वर्षी तो उपयोगाचा होतो. पाचव्या वर्षी चिठ्ठी निघते. ग्रामसेवकाचीही बदली होत असते, त्यामुळे कोणता व्हॉल्व्ह कुठल्या वस्तीचा आणि जुनी पाइपलाइन कोणाच्या बांधाखालून गेली, ही गावाची खरी माहिती शेवटी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे उरते. तो निवडून आलेला नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही.

काही जण म्हणतील, लोकसेवेला कारकीर्द म्हणायचेच कशाला? माणसाने चार वर्षे सेवा करावी आणि आपल्या कामाला लागावे. या मताला मोठे नाव जोडता येते. महात्मा फुले १८७६ पासून सुमारे सहा वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पैसे खर्च करायला त्यांनी एकट्याने विरोध केला, आणि पुढे आपल्या कार्यात गढून गेले. पण फुले सरकारनियुक्त सदस्य होते आणि त्यांचा बांधकामाच्या कंत्राटांचा स्वतःचा व्यवसाय होता. पद गेल्यावर चूल कशी पेटेल ही चिंता त्यांना नव्हती. आज सरपंचाला मानधन मिळते ते २०२४ मध्ये दुप्पट केल्यावरही लोकसंख्येनुसार महिना ६ हजार ते १० हजार रुपये, आणि साध्या सदस्याला किरकोळ बैठक भत्ता. पुणे महापालिकेच्या नगरसेवकाचे मानधन २०१७ मध्ये २० हजार झाले, तेही त्या शहरातल्या घरभाड्याला पुरायचे नाही. एवढ्यावर पूर्ण वेळ काम करणारा एक तर सुखवस्तू घरातला असतो, नाही तर कामांच्या बिलांत त्याचा वाटा असतो. ज्यांना 'सेवा करा आणि जा' असे सांगायचे, त्यांतले अनेक जण जाण्याआधी वसुली करून जातात. कारकिर्दीची आशा माणसाला प्रामाणिक ठेवतेच असे नाही, पण ती नसेल तर प्रामाणिक राहण्याचे एक कारण कमी होते.

काम शिकलेली माणसे दर पाच वर्षांनी घरी गेली की सत्ता कोणाकडे साचते, याचा प्रयोग नुकताच झाला. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या आणि मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषद, तालुक्यांच्या पंचायत समित्या आणि पुणे महापालिका यांची मुदत संपली. सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला तो मे २०२५ मध्ये. निवडणुका प्रत्यक्ष होईपर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याचा कारभार प्रशासकांनी चालवला. नवी नगरपंचायत झालेल्या मंचरलाही पहिली निवडणूक होईपर्यंत नगरसेवक नव्हते. आश्चर्य याचे वाटते, की सभागृहे रिकामी असल्याबद्दल फारसा आरडाओरडा झाला नाही. लोक प्रशासकावर खूश होते असे नव्हे. पण सदस्याकडून ज्या गोष्टी मिळत होत्या त्या आमदाराच्या किंवा कारखान्याच्या दारात आधीपासूनच मिळत होत्या.

उपाय शोधायला फार लांब जायला नको. जुन्नर आणि आंबेगावच्याच पश्चिमेला, सह्याद्रीच्या अंगाची महादेव कोळी आणि ठाकर वस्तीची गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार सरपंचपद कायम अनुसूचित जमातीलाच राखीव असते. त्यातला महिलांचा वाटा फिरतो, पण पद दुसऱ्या प्रवर्गाकडे जात नाही. म्हणजे एकाच तालुक्यात, काही मैलांच्या अंतरावर, आरक्षण स्थिर ठेवण्याची पद्धत चालू आहेच. राज्यघटनाही आड येत नाही. सदस्यांच्या राखीव जागा आळीपाळीने फिरवता येतील, असे अनुच्छेद २४३-ड म्हणतो. अध्यक्षपदांची आळीपाळी मात्र सक्तीची आहे. पण ती किती वर्षांनी करायची हे घटनेने सांगितलेले नाही. तमिळनाडूने याचा फायदा घेऊन आरक्षण सलग दोन मुदती, म्हणजे दहा वर्षे, एकाच जागी ठेवण्याची तरतूद केली. तिथली सगळीच पंचायत व्यवस्था नमुनेदार आहे असे नाही. पण राखीव जागेवरून आलेल्या बाईला तिथे त्याच लोकांसमोर दुसऱ्यांदा उभे राहता येते, हरली तर तिच्या कामामुळे हरते, चिठ्ठीमुळे नाही.

दहा वर्षांच्या आरक्षणाची किंमत आहे, आणि ती लपवू नये. खुल्या गटातल्या इच्छुकाला दहा वर्षे थांबावे लागेल, आणि एखादे घर दहा वर्षांसाठी 'आपला माणूस' बसवील. पहिल्या तक्रारीत मला फारसे बळ दिसत नाही, कारण तो इच्छुक आजही दुसऱ्या चिठ्ठीची वाटच पाहतो आहे. दुसरी खरी आहे. पण बसवलेला माणूस पाच वर्षांत बसवलेलाच राहतो. दहा वर्षांत निदान काही जण डिजिटल स्वाक्षरीचे टोकन मागून घेतात. नियम बदलणे अवघड आहे, असेही म्हणता येणार नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या आरक्षणाचे नवे नियम काढले आणि फेरपालटाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. आधीच्या निवडणुकांत कोणता गट कोणासाठी राखीव होता, हा हिशेब त्यामुळे मागे पडला. त्या वेळी फिरवण्याची मुदत पाचाऐवजी दहा वर्षे करण्यासाठी नियमात फक्त एक वाक्य घालावे लागले असते.